'खांडा' : अर्थ आणि व्युत्पत्ती

खांडा म्हणजे रुंद, सरळ, बहुधा दुधारी आणि टोकाशी बोथट अशा पात्याचे शस्त्र. बाकदार तलवारीहून त्याची घडण वेगळी. भोसकण्यापेक्षा घाव घालून तोडणे हे त्याचे कार्य. अर्थसाम्यामुळे व आद्याक्षराच्या सारखेपणामुळे हा शब्द संस्कृत 'खड्ग' या शब्दाचा तद्भव असावा, असे सहज गृहीत धरले जाते. ध्वनिपरिवर्तनाच्या कसोटीवर मात्र हे गृहीत टिकत नाही.

संस्कृतातील दोन भिन्न स्पर्शांच्या जोडाक्षरात पहिला स्पर्श प्राकृतात सामान्यतः दुसऱ्यासारखा होतो. 'मुद्ग'चे 'मुग्ग' व मराठीत 'मूग' झाले. त्याच नियमाने 'खड्ग'चे 'खग्ग' झाले. पाली सुत्तनिपातातील 'खग्गविसाणसुत्त' हे नावच त्याची साक्ष देते. तेथे 'खग्ग' म्हणजे गेंडा. वाजसनेयी संहितेतही 'खड्ग' हे पशूचेच नाव आहे. या क्रमाने मराठीत 'खाग' असे रूप अपेक्षित ठरते. 'अश्रु'–'अंसु'–'आसू' यांतल्याप्रमाणे अनुस्वाराचा आगम मानला, तरी 'खंग' मिळेल. 'ग'च्या जागी 'ड' का आला, याचा उलगडा होत नाही.

याउलट 'खण्ड्' (तोडणे) या धातूपासूनच्या 'खण्डक' या रूपातून 'खांडा' नियमाने सिद्ध होतो. 'दण्डक'–'दांडा' ही त्याला समांतर जोडी होय. 'खांडोळी' हा शब्दही याच कुळातला. तेव्हा तोडणारा तो खांडा, हा अर्थ शस्त्राच्या घडणीशीही जुळतो.

सामासिक व साधित शब्दांत आद्य स्वर ऱ्हस्व होतो. उदाहरणार्थ, 'दात' परंतु 'दंताळे'. 'खंडेनवमी' या शब्दातील 'खंडे' हे रूप असेच समजावे. आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रांबरोबर कारागिरांची हत्यारे व शेतीची अवजारेही पुजली जातात. म्हणजे शब्द एका शस्त्राचा असला, तरी या सणात त्याची व्याप्ती सर्व साधनांपर्यंत पोहोचली आहे. जेजुरीस दसऱ्याला जड खंडा उचलून तोलण्याची परंपरा आहे. 'खंडोबा' या नावाचा संबंधही अभ्यासक याच शस्त्राशी जोडतात. 'खड्ग' मात्र मराठीत तत्सम रूपानेच, मुख्यतः ग्रंथभाषेत व देवीच्या आयुधवर्णनात राहिला.

म्हणून जुन्या ग्रंथाच्या टीपेत 'खांडे' या शब्दाचा अर्थ 'खड्ग' असा देणे योग्य; त्याचे मूळ म्हणून 'खड्ग' देणे योग्य नव्हे. समानार्थक शब्द सगोत्र असतातच असे नाही.