ऊब हवी, पण बोटंही चालायला हवीत

डिसेंबरातली पहाट. बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठावर आमचे तंबू लागले होते. साताऱ्याच्या सहा आणि सांगलीच्या तीन अशा आम्ही नऊजणी. उजाडलं की लाँचनं पलीकडे जायचं आणि वासोटा चढायचा, असा बेत. वासोट्यावर मुक्कामाला परवानगी नाही, म्हणून रात्र अलीकडच्या काठावर काढलेली. सगळ्यांच्या आधी उठून चहा टाकावा म्हणून मी तंबूबाहेर आले आणि काडेपेटी हातात घेतली. पण काडी काही पेटेना!

काडेपेटी चांगली कोरडी होती, ओले होते ते माझे हातमोजे. तंबूच्या दोऱ्यांवर, कापडावर दव नुसतं निथळत होतं. दोऱ्या सोडवता सोडवता मोजे चिंब झाले. शिवाय ते इतके जाड की काडी चिमटीत येईना. काढून टाकले, तर दोन मिनिटांत बोटं बधिर. पाच काड्या मोडल्या. शेवटी शेजारच्या घरातल्या मावशी चूल पेटवून मला हाक मारत्या झाल्या. मी धावत जाऊन हात जाळावर धरणार, एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. ''अवो ताई, बधिर हात जाळावर नगा धरू. भाजलं तरी कळायचं न्हाई. काखंत धरा आधी.''

मावशींचं बोलणं शंभर टक्के खरं. बधिर कातडीला चटका कळत नाही. असे हात चोळूही नयेत. काखेत किंवा पोटाशी धरून हळूहळू ऊब द्यावी.

परत आल्यावर मी ते मोजे नीट बघितले, तेव्हा हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. मुलाच्या हिमालयातल्या ट्रेकसाठी मी स्वतः दुकानं फिरून उत्तम हातमोजे आणले होते. 'ह्यां'च्या मोटारसायकलसाठी चामड्याचे आणले. आणि माझ्यासाठी? मुलाचेच जुने. ''चालतील की, एका रात्रीचा तर प्रश्न!'' मैत्रिणींनो, ओळखीचं वाटतंय ना? माझ्या सोबतिणींचीही तीच तऱ्हा. एकीनं स्कूटीवर उन्हासाठी घालतो ते सुती मोजे आणले होते, तर दुसरीनं नवऱ्याचे. नऊजणींत स्वतःच्या मापाचे मोजे फक्त दोघींकडे होते.

आपल्याकडे कुठं एवढी थंडी?

असं म्हणू नका हं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात आणि लिंगमळ्याला कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठून हिमकण होतात. मोटारींच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं गार होते आणि जड, गार हवा उताराउतारानं खाली येऊन दरीत साचते. म्हणूनच पाण्याच्या काठचा, खोलगट जागेतला मुक्काम कधीकधी वरच्या पठारापेक्षाही गारठवतो.

त्यात ओल असेल तर विचारूच नका. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं. मोजे आपल्याला ऊब देतात ते मुळात धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की संपलंच! सुती मोजे पाणी पितात आणि लवकर वाळत नाहीत. म्हणून डोंगरात सुती नकोच. लोकरीचं तसं नाही. माण, खटाव, आटपाडी, जतकडचे धनगर पावसाळी वाऱ्यात घोंगडं का पांघरतात? लोकर ओलसर झाली तरी बरीचशी ऊब राखते म्हणून. फ्लीस नावाचं मऊ कापडही चांगलं, पाणी कमी पितं आणि झटकन वाळतं. मात्र थंडीत रस्त्याकडेला मिळणारे रंगीत विणलेले मोजे लोकरीचे दिसले, तरी बहुधा ऍक्रिलिकचे असतात. आतली चिठ्ठी वाचा. घरात ठीक, पण कड्यावरचा वारा त्यातून आरपार जातो.

जाड एकापेक्षा पातळ दोन

सगळ्यात जाड ते सगळ्यात चांगले, हा आपला पहिला गैरसमज. डोंगरात हातांना कितीतरी कामं असतात. बुटाची नाडी, सॅकचा पट्टा, तंबूची गाठ, काडेपेटी, मोबाइल. प्रत्येक कामाला जो मोजा काढावा लागतो, तो कितीही उबदार असला तरी काय उपयोग? तो खिशात उबेत आणि बोटं वाऱ्यावर!

म्हणून युक्ती अशी, की एका जाड जोडीऐवजी दोन जोड्या. आत अंगासरशी बसणारी पातळ लोकरीची किंवा तशाच कापडाची. तिनं गाठ मारता यावी, काडी ओढता यावी. मोबाइल चालेल अशी बोटांची टोकं असलेलेही मिळतात. तिच्यावर थोडी सैल, वारा अडवणारी दुसरी जोडी. बारीक काम आलं की वरची काढायची, आतली तशीच राहू द्यायची. हात क्षणभरही उघडा पडत नाही.

चार बोटं एका पिशवीत आणि अंगठा वेगळा, असे मोजेही असतात. त्यांना मिटन म्हणतात. त्यात बोटं एकमेकींना ऊब देतात, पण काम काही करता येत नाही. आपल्या डोंगरांत त्यांची गरज नाही. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडात केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला लेक किंवा तुम्ही स्वतः निघालात, तर आत पातळ, मध्ये उबदार आणि वरून पाणी न शिरणारं मिटन अशी तयारी हवी. आपल्या साताऱ्याच्या प्रियांका मोहितेनं 2013मध्ये एव्हरेस्ट, 2021मध्ये अन्नपूर्णा आणि 2022मध्ये कांचनगंगा सर केलं. एवढ्या उंचीवर बधिर झालेलं बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. तिथंही गिर्यारोहकांचं तत्त्व हेच, आत पातळ आणि वर पिसांचं जाड.

माप आपल्या हाताचं

शिवणाचा टेप घ्या. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळव्याचा घेर मोजा. सात इंच आला तर अनेक कंपन्यांच्या मापात सात नंबर. मग दुकानात घालून बघा. मूठ वळताना तळव्यावर ताण नको. घट्ट मोजे रक्त अडवतात आणि आतली हवाही दाबून टाकतात, त्यामुळे उलट जास्त गारठा. बोटांच्या टोकाशी अगदी थोडीशी जागा असावी. फार जागा उरली तर चिमटी होत नाही. म्हणून नवऱ्याचे नकोत!

आता परीक्षा. मोजे घालून पर्सची चेन उघडा, एक रुपयाचं नाणं उचला, ओढणीच्या टोकाला गाठ मारून सोडा. तिन्ही जमलं तर घ्या. दुकानदार हसला तर हसू दे. तळव्याला रबरी ठिपके किंवा चामडं असेल तर काठी आणि दोर घट्ट धरता येतो. मात्र कातळावर हातानं धरून चढायचं असेल तेव्हा मोजे सरळ काढून ठेवा.

मनगट झाकलं गेलंच पाहिजे. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू हातात नाही, कोपराखालच्या भागात असतात. तो भाग गारठला की बोटं मंदावतात. इथं आपल्या बांगड्या आड येतात. मोज्याची पट्टी बांगड्यांवर बसली की फट राहते. धातूच्या बांगड्या आणि अंगठ्या घरीच ठेवलेल्या बऱ्या.

आणि हात गार पडले तर आधी कानटोपी आणि जाकीट घाला. अंग गारठलं की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करून पोटाछातीकडे ऊब राखतं. अंग उबदार असेल तरच मोज्यांचा उपयोग.

एवढं जपा

फ्लीससारख्या कापडाचे मोजे घालून शेकोटीजवळ हात नेऊ नका, ठिणगीनं वितळतात. तंबूत कोळशाची शेगडी कधीही नको. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. मधुमेह असेल तर हाताला गारवा आणि चटका दोन्ही उशिरा कळू शकतात, जास्त सांभाळा. थोड्या गारव्यातही बोटं पांढरी, मग निळी पडून दुखत असतील, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

राहिली भांडी. सकाळच्या बर्फगार पाण्यात पातेली घासायची, तर पातळ लोकरीच्या मोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे चढवा, एक नंबर मोठे. आणि घरच्या मंडळींबरोबर गेलात, तर तेच रबरी मोजे आळीपाळीनं सगळ्यांच्या हातात द्या. सहल सगळ्यांची, मग गार पाणी एकटीच्याच वाट्याला का?

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी माझ्या हातात माझ्या मापाचे मोजे होते. पहिल्याच काडीत स्टोव्ह पेटला. मावशींना चहाचा कप नेऊन दिला, तर त्यांनी माझा हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, ''आता कसं! हात ऊन हाय.''