वहीतलं करमाडचं पान

२२ डिसेंबरच्या माध्यान्ही छत्रपती संभाजीनगरात उन्हात उभ्या असलेल्या माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. त्या दिवशी सूर्य क्षितिजापासून फक्त सत्तेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि तिथूनच कलायला लागतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि भिंत, झाड, बैलगाडी सगळं एकाच पातळीवर चेपल्यासारखं दिसतं. चित्र काढणाऱ्याला हा फरक फार मोठा. आकाराची खोली सावलीवरून कळते, आणि मराठवाड्यात दिवाळीपासून होळीपर्यंत सकाळचे तीन तास आणि दुपारनंतरचे दोन तास तिरपं ऊन दगडाचा प्रत्येक टवका दाखवतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की जलरंगाचा वॉश पसरायच्या आत वाळतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही. म्हणून कलाशाळांचे ‘आउटडोअर’चे दिवस थंडीतच येतात, आणि स्केचबुकं बगलेत मारून रविवारी पहाटे निघणारे हौशी गटही याच दिवसांत बाहेर पडतात.

हे गट जातात कुठे, हा मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. संभाजीनगरातून निघालेल्या चित्रकाराची वाट जवळजवळ ठरलेली असते: बीबी का मकबरा, पाणचक्की, भडकल दरवाजा, दौलताबादचा किल्ला, वेरूळ आणि जमलं तर मुक्कामी अजिंठा. ही सगळी स्थळं रेखाटण्याजोगी आहेत यात वाद नाही. पण जालना रस्त्यानं पूर्वेला वीसेक किलोमीटरवर असलेलं करमाड या वाटेवर नाही, आणि माझ्या मते हिवाळी रेखाटनसहलीनं आता मुद्दाम जावं ते करमाडसारख्या ठिकाणी. यामागे नावीन्याची हौस नाही. या प्रदेशात गटानं रेखाटन करण्याचा जो सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे, तोच नीट वाचला तर करमाडकडे बोट दाखवतो.

एकत्र बसून जागेवर चित्र काढणं ही चाल परदेशातून आताच आली, असा समज आहे. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकार-चित्रकारानं २००७ मध्ये सिअ‍ॅटलहून सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ चळवळीमुळे तो पक्का झाला. वेरूळच्या लेण्यांत मात्र अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच हे घडत होतं. पुण्याच्या पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानं स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स आणि पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट यांनी वेरूळची रेखाटनं केली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलनं १८०३ मध्ये लंडनमध्ये वेरूळच्या चोवीस दृश्यांचा संग्रह काढला आणि कैलास लेणं युरोपच्या दिवाणखान्यात पोचलं. गंगारामाच्या चित्रांना असं भाग्य लाभलं नाही. ती आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत, आणि ज्या मातीत ती काढली गेली तिथल्या शाळकरी मुलाला त्याचं नावही ठाऊक नसतं. तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या घराण्यातला हा माणूस कातळातल्या खांबांची मापं कागदावर उतरवत होता, ही गोष्ट खरं तर इथल्या प्रत्येक चित्रकलेच्या वर्गात पहिल्या तासाला सांगायला हवी.

अजिंठ्याचा इतिहास याहून बोलका आहे. १८४४ पासून मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलरंगी नकला वर्षानुवर्षं करत राहिला. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत चार-पाच वगळता सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत उतरले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत आणि त्यांचे सहाध्यायी असे हंगामामागून हंगाम, १८८५ पर्यंत, वाघूरच्या नालाकृती दरीत काम करत होते. याही नकला लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्येच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत त्यातल्या बऱ्याच नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाले, म्हणून त्या कष्टांचा हिशेब तरी उरला. पुढे १९०९-१० आणि १९१०-११ या दोन हिवाळ्यांत लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम आल्या. त्यांच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा हे अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य होते, हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन होते. त्यांच्या नकलांचं पुस्तक १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

या घटना ओळीनं मांडल्या की पहिला आक्षेप आपोआप पुढे येतो: इतकी माणसं, इतके हंगाम, आणि हाती काय राहिलं? राख. मला हा हिशेब अपुरा वाटतो. कागद आणि कॅनव्हास जळाले, पण त्यांवर फिरलेले हात शाबूत राहिले. पेस्तनजी बोमनजी पुढे मुंबईतले नावाजलेले चित्रकार झाले. नंदलाल बोस शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले, विद्यार्थ्यांना घेऊन सहलींना जात राहिले आणि भेटतील त्या माणसांची, जनावरांची, झाडांची रेखाटनं पोस्टकार्डांवर काढत राहिले. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी केलेल्या फलकांमधली ढोलकी वाजवणारी, शेतात राबणारी माणसं पाहिली तर अजिंठ्याच्या भिंतीवर शिकलेली रेघ गावच्या माणसापर्यंत कशी चालत आली ते दिसतं. आश्चर्य याचं की बंगालनं अजिंठ्याहून नेलेला हा धडा अजिंठ्याच्या जिल्ह्यानं घेतला नाही. लेण्यांपाशी डोळा तयार करायचा आणि मग तो आजूबाजूच्या जगाकडे वळवायचा. आपण लेण्यांपाशीच थांबलो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मान्य करावाच लागतो. नकलकारांनी अजिंठ्याचं नुकसान केलं. रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश फासलं गेलं, ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याला १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेंझो चेक्कोनी यांच्यासारखे तज्ज्ञ बोलावून दुरुस्ती करवून घ्यावी लागली. पाहण्याच्या नादात पाहिलेल्या वस्तूवर हक्क सांगण्याची ही खोड आजही जुन्या भिंतींवर नावं कोरणाऱ्यांत दिसते. स्केचबुक हा मात्र त्यावरचा उताराच आहे. मांडीवर वही, हातात ६बी पेन्सिल, पाच-सात पावलांचं अंतर. वस्तूला हात लावण्याची गरजच पडत नाही. आणि ज्या जागी गर्दीचा ताण आधीच आहे, तिथून काही वह्या दुसरीकडे वळल्या तर त्या जागेचंही भलंच होईल.

आता करमाड. निजामाच्या काळात, १९०० मध्ये, हैदराबाद-मनमाड मीटरगेज रेल्वे सुरू झाली. त्या मार्गावरचं हे स्टेशन, आता ब्रॉडगेजवरचं. भोवती कापूस, तूर, ज्वारी आणि जालन्याकडे सरकत जाल तशा मोसंबीच्या बागा. शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, त्यापुढे २०१९ मध्ये उद्घाटन झालेलं ऑरिक हे नियोजित औद्योगिक शहर, परिसरातून गेलेला समृद्धी महामार्ग. एका बाजूला हुरड्याची आगटी आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याची पत्र्याची लांबच लांब भिंत, हे एकाच पानावर मावणारं दृश्य संभाजीनगरच्या पूर्वेलाच मिळतं. वेरूळ शंभर वर्षांनीही बहुतेक आजच्यासारखंच असेल. शासन, पुरातत्त्व खातं आणि १९८३ पासूनचा जागतिक वारशाचा दर्जा त्याची काळजी घेतो. या पट्ट्यातल्या बांधाची, विहिरीवरच्या जुन्या थारोळ्याची, रस्तारुंदीत जाणाऱ्या वडाची काळजी घेणारं कुणी नाही.

यावर तिसरा आक्षेप येतो: मग फोटो काढा, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. उत्तर द्यायला मी मराठवाड्यातल्या माळवदाच्या घराचं उदाहरण घेतो. जाड दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यांवर काटक्यांचा थर आणि सगळ्यात वर पावसाचं पाणी झिरपू न देणारी मातीची जाड गादी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच घरांखाली हजारो माणसं गेली, आणि त्यानंतर लोक सिमेंटच्या छताकडे वळले ते रास्तच होतं. ही घरं टिकवा असं म्हणण्याचा अधिकार त्यांत न राहणाऱ्याला नाही. पण ती उन्हाळ्यात गार कशी राहत, भार भिंतीवर होता की खांबांवर, थर कोणत्या क्रमानं घातले जात, हे फोटोत दिसत नाही. कॅमेरा समोरची बाजू टिपतो. रेखाटणाऱ्याला मात्र हात अडतो, कारण तुळई कुठे टेकते हे कळल्याशिवाय रेघ पुढे जात नाही. मग तो उठतो, घरातल्या आजोबांना विचारतो, आणि पानाच्या कोपऱ्यात एक छोटा छेद काढतो. ते अडणं हेच मोलाचं. शिवाय कॅमेरा तारेपासून कचऱ्यापर्यंत सगळं सारख्याच निष्ठेनं घेतो. चित्रात आलेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी घ्यायची ठरवलेली असते, म्हणून त्या काळात माणसांना काय महत्त्वाचं वाटलं याचाही तो पुरावा ठरतो.

करमाडचं एक छायाचित्र मात्र साऱ्या देशानं पाहिलं आहे, आणि त्याला बगल देऊन या गावाबद्दल लिहिणं प्रामाणिक होणार नाही. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत जालन्याहून रुळांवरून पायी निघालेले मध्य प्रदेशचे मजूर थकून बदनापूर ते करमाडच्या दरम्यान रुळांवरच झोपले होते. मालगाडीखाली सोळा जणांचा मृत्यू झाला. खडीवर विखुरलेल्या भाकऱ्यांचं ते चित्र आवश्यक होतं. ते काम कुठल्याही रेखाटनानं केलं नसतं. पण त्यानंतर देशाच्या आठवणीत करमाड म्हणजे ती एक पहाट, एवढंच उरलं. एखाद्या गावाला एकच चित्र असणं हा त्या गावावर आणि त्या मजुरांवरही अन्याय आहे. ते ज्या कारखान्यांसाठी आले, ज्या रुळालगतच्या वाटेनं चालले, तिथलं रोजचं जगणं पाहिल्याशिवाय त्या पहाटेचा अर्थ लागत नाही.

हे सारं एकट्यानं का करू नये, गट कशाला, असंही विचारलं जातं. मोठे निसर्गचित्रकार बहुतेक एकटेच हिंडले हे खरं. पण इथला हेतू निराळा आहे. पंधरा जणांनी एकाच सकाळी एकच आठवडी बाजार काढला तर पंधराही वह्यांत जे आलं ते त्या बाजाराचं ठळक रूप, आणि एकाच वहीत आलेली दोरखंडवाल्याची गाठ किंवा बांगड्यांच्या हारीवर टाकलेलं ओलं फडकं ही कदाचित सगळ्यात मोलाची नोंद. एकाची चूक दुसऱ्याच्या पानावर दुरुस्त होते. त्याहून साधं कारण असं की आपल्याकडे एकटी मुलगी वही घेऊन स्टेशनबाहेर दोन तास बसली तर तिला सुखानं बसू दिलं जात नाही. आठ-दहाजणी असतील तर बसू दिलं जातं. गट नसेल तर निम्मे डोळे घरीच राहतात.

गावकऱ्यांचा तमाशा होतो, शहरातले लोक येऊन गरिबीची चित्रं काढतात, ही तक्रारही मी मनापासून घेतो. तसं होऊ शकतं. पण फोटो काढणारा टिपून निघून जातो आणि रेखाटणाऱ्याला तिथंच बसावं लागतं. पाचव्या मिनिटाला मुलं पाठीशी उभी राहतात, दहाव्या मिनिटाला कुणी म्हणतं, ‘आमच्या बैलाची शिंगं अशी नाहीत, जरा मागं वळलेली हायत.’ ज्याचं चित्र त्यालाच ते दुरुस्त करता येतं, अशी सोय फार थोड्या माध्यमांत आहे. विचारून बसायचं, नको म्हटलं तर वही मिटायची आणि झालेलं पान दाखवायचं, एवढं पाळलं तर पाहणारा आणि पाहिला जाणारा यांतलं अंतर बरंच कमी होतं.

राहिला कौशल्याचा मुद्दा: हौशी माणसांच्या वाकड्या रेघांना दस्तऐवज कोण म्हणेल? पानावर तारीख, वेळ, उभं राहिल्याची जागा, तोंडाची दिशा आणि वस्तूंची गावात चालणारी नावं लिहिली तर वाकडी रेघही साक्ष देते. ‘जू’, ‘कडबा’ असे शब्द चित्राशेजारी उतरले तर पुढच्या पिढीला दोन्ही मिळून कळतील. आणि या पानांचं पुढे काय करायचं हे गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या आगींनी शिकवलं आहे: सगळं एका जागी, तेही दूरच्या जागी, ठेवायचं नाही. एक संच शहरातल्या शासकीय कलामहाविद्यालयाकडे जावा, एक चित्रकारांकडे राहावा, आणि एक करमाडच्या शाळेत. महाराष्ट्रातली मुलं दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांत स्मरणचित्र काढतात, आणि त्यात बाजाराचं दृश्य आलं की पिढ्यान्‌पिढ्या तीच छत्री, तीच टोपलीवाली आणि तोच कोपऱ्यातला नारळ उमटतो, मग मूल कोकणातलं असो की कोरडवाहू मराठवाड्यातलं. करमाडच्या मुलापुढे त्याच्याच आठवडी बाजाराची पंधरा पानं असतील, तर पुढच्या परीक्षेत त्या कोपऱ्यात नारळाऐवजी बाभूळ येईल, आणि बाभळीखाली मोसंबीचे कॅरेट.