मृग लागतो जूनमध्ये, पण दिसतो आत्ता! रात्री नऊला पूर्वेकडे बघा

मुरबाड (वार्ताहर) : मृग लागला की भाताची पेर, आर्द्रा बरसल्या की लावणीची घाई. आपल्याकडे शेतकऱ्याला नक्षत्रं तोंडपाठ. पण त्यातलं एक तरी आकाशात बोट दाखवून सांगता येतं का? मला येत नव्हतं. वीस वर्षं शेती केल्यावर डोंबिवलीच्या भाच्याने विचारलं, "मामा, मृग म्हणजे नेमके कुठले तारे?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

खरी गोष्ट अशी आहे. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो, त्यालाच आपण मृग लागला म्हणतो. त्या दिवसांत हे तारे सूर्याबरोबरच उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. ढग नसले तरी दिसणार नाहीत. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो, आणि मृग रात्रभर वर राहतो. सध्या घरोघरी मार्गशीर्षाचे गुरुवार चालू आहेत ना? या महिन्याचं नावसुद्धा मृगशीर्षावरूनच पडलंय, कारण याची पौर्णिमा त्या नक्षत्राच्या आसपास होते.

तर जेवण उरकलं की नऊच्या सुमारास अंगणातला दिवा बंद करा, मोबाईल खिशात ठेवा आणि पंधरा मिनिटं अंधारात थांबा. घाटाकडे तोंड करा. सारख्या अंतरावरचे तीन तारे एकावर एक, जवळजवळ उभ्या रेषेत दिसतील. हा हरणाच्या पोटात घुसलेला बाण. भोवतीचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय. डाव्या बाजूचा तांबूस तारा काक्षी, तीच आपली आर्द्रा. उजवीकडचा पांढराशुभ्र तो राजन्य. बाणाची रेषा खाली न्या, ताऱ्यांमधला सगळ्यात तेजस्वी व्याध भेटेल. बाण मारणारा शिकारी तोच. रेषा वर न्या, नारिंगी रोहिणी, आणि आणखी वर कृत्तिकांचा झुबका. म्हणजे २५ मे ते ५ जुलैपर्यंतची रोहिणी, मृग, आर्द्रा ही तिन्ही नक्षत्रं एका नजरेत!

मृग रोज चार मिनिटं लवकर उगवतो. फेब्रुवारीत आठ वाजताच डोक्यावर येईल. दत्तजयंतीच्या आसपास मात्र चंद्राच्या उजेडात बारीक तारे हरवतात.

मुरबाडच्या पश्चिमेला कल्याण-डोंबिवलीचा उजेड आता क्षितिजावर रोज दिसतो. मृग पूर्वेला उगवत असल्याने तो उजेड पाठीमागे राहतो, हे आपलं नशीब. शहापूरकरांनाही तो नैर्ऋत्येलाच. आकाश किती काळं उरलंय हे बघायचं तर कृत्तिका मोजा. माझ्या खळ्यावरून सहा दिसतात. घरासमोरच्या खांबावर नवा एलईडी दिवा लागल्यापासून अंगणातून चारच. आकाशदर्शनासाठी मुंबईची माणसं लोकलने वांगणीपर्यंत येतात, आणि आपण अंगणात रात्रभर दिवे जाळतो.

परवा नऊ वाजता भाच्याला फोन लावला. तो गच्चीवर, मी खळ्यावर. बाणाचे तीन तारे त्याला सापडले, व्याधही सापडला. कृत्तिका काही दिसेनात. नाताळच्या सुट्टीत येतो म्हणाला.