डायनासोरचे हाड आणि तोरण्याचा कातळ

१९९४ साली ‘ज्युरासिक पार्क’ हा चित्रपट आपल्याकडे हिंदीत आला. पुढे त्याचे अनेक भाग निघाले. भोर-वेल्ह्याकडच्या आम्हा मुलांना त्याने छंद लावला तो डोंगरात डायनासोरचे हाड शोधण्याचा. हाड मिळेना, तेव्हा बहुतेकांचा छंद संपला. आमचा टिकला, कारण सरांनी उलट विचारले, “हा दगड झाला कसा?”

तोरणा, राजगडाचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, अर्थात थिजलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडून तो थरावर थर पसरला. हाडांचे जीवाश्म होतात ते गाळाच्या खडकात. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे ते सापडले आहेत. गंमत म्हणजे डायनासोर नष्ट झाले तेही साधारण याच सुमारास!

चित्रपटात डायनासोर जुन्या डीएनएपासून घडवतात. प्रत्यक्षात डीएनए इतका काळ टिकत नाही. मात्र एवढे सांगून थांबू नये. मुलांना जवळच्या डोंगरावर न्यावे, कातळाचे थर मोजायला लावावेत. दोन थरांमध्ये लाल मातीची पट्टी दिसली, तर मधे किती काळ गेला असेल, हे मुले आपणहून विचारतील.