शूलपाणि-क्षेत्र व मणिबेली

अमरकोशांत नर्मदेचें एक नांव मेकलकन्यका असें दिलें आहे. मेकल पर्वतांत अमरकंटक येथें उगम पावून ही नदी विंध्य व सातपुडा यांमधून सुमारें १,३१२ किलोमीटर वाहते व भडोचच्या पश्चिमेस खंबायतच्या आखातास मिळते. तिच्या दक्षिण तीरावर, अक्कलकुवा तालुक्यांत, मणिबेली हें तडवी व वसावे यांचें गांव. परिक्रमावासी या बिकट टापूस शूलपाणीची झाडी म्हणत.

येथेंच शूलपाणेश्वराचें प्राचीन देवालय होतें. रेवाखंडांत वर्णिलेलें शूलभेद तीर्थ परंपरा याच परिसरांत मानते. सरदार सरोवराच्या बुडितांत महाराष्ट्राचीं ३३ गांवें आलीं. त्यांत पहिलें मणिबेली. १९९० नंतरच्या दशकांत देवालय पाण्याखालीं गेलें व गुजरातेंत गोरा येथें नवें उभें राहिलें. २०१९ सालीं जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोंचला.

हस्तलिखितांचे पाठ एकमेकांशीं ताडतां येतात. परंतु माहात्म्यांतील कुंड, संगम व घाट नेमके कोठें, हें भूमीवरच ठरतें, आणि ती भूमि बुडाली आहे. तिची साक्ष उरली ती वरच्या टेकड्यांवर सरकलेल्या व गुजरातेंतील वसाहतींत गेलेल्या कुटुंबांच्या वृद्धांपाशीं. ओहोळ, खडक, उतार यांचीं त्यांच्या बोलींतील नांवें हाही स्थलनिश्चितीचा पुरावाच होय. पोथी वाळवीपासून राखतां येते. ही स्मृति तशी राखतां येत नाहीं. म्हणून पाठभेदांच्या नोंदीआधीं हीं नांवें, उच्चारासह, टिपून घ्यावीं, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.