चोपदाराचा दंड आणि प्रशिक्षकाची जीभ

आळंदीहून मोशी-भोसरीच्या वाटेने निघालेल्या माणसाला कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याची वेळ चुकवता आली, तर तो तासाभरात बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुलात पोचतो. आणि १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात २०१४ पासून २०१९ पर्यंत ‘एफसी पुणे सिटी’ हा जो फुटबॉल संघ नांदला, त्याच्या पाच हंगामांत सहा मुख्य प्रशिक्षक येऊन गेले, ही गोष्ट आमच्या पट्ट्यातील जी मंडळी त्या काळी पदरचे पैसे खर्चून तेथे जात असत त्यांच्या स्मरणात अजून ताजी आहे. फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अँटोनिओ हबास, रँको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल आणि फिल ब्राउन असा तो क्रम. त्यांतील पोपोविच यांच्या जिभेने त्यांना पंचांविषयीच्या उद्गारांपायी शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत नेले. पण त्यांच्याच अंमलात, २०१७-१८च्या हंगामात, संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला आणि तेथे सुनील छेत्रीच्या तीन गोलांपुढे बंगळुरूकडून पराभूत झाला. त्यांची जीभ मैदानाबाहेरच्या सत्तेवर चालत होती, आपल्या माणसांवर नव्हे. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो आणि पुढील सारा विचार त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

सहावे गृहस्थ फिल ब्राउन. बालेवाडीस ते येण्यापूर्वी दहा वर्षे फुटबॉलच्या इतिहासात त्यांच्या नावावर एक प्रसंग जमा झाला होता, आणि कठोर प्रशिक्षक व त्याच्या संघाचे मनोधैर्य या विषयाचा विचार करू लागलो की माझ्या डोळ्यांपुढे प्रथम तोच उभा राहतो. हल सिटी हा उत्तर इंग्लंडमधील एका बंदराच्या गावचा संघ. १०४ वर्षांच्या आयुष्यात जो कधी पहिल्या श्रेणीत पोचला नव्हता, त्याला मे २००८ मध्ये ब्राउन यांनी तेथवर नेले. आणि त्याच शरद ऋतूत या नवख्या संघाने आर्सेनलला त्यांच्या घरच्या मैदानावर हरवून सर्वांना थक्क केले. मग २६ डिसेंबर २००८ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मँचेस्टर सिटीच्या मैदानावर मध्यंतरापर्यंत संघ चार गोलांनी मागे पडला. शिरस्त्याप्रमाणे खेळाडू ड्रेसिंग रूमकडे वळले असता ब्राउन यांनी त्यांना परत फिरवले, आपल्या गावाहून आलेल्या प्रेक्षकांसमोर गवतावर बसवले, आणि हजारो लोकांच्या देखत, बोट नाचवीत, त्यांची हजेरी घेतली. सामना ५-१ असा गेला.

वरवर पाहता यात गैर काय? गावाहून हाडे गोठवणाऱ्या थंडीत आलेल्या प्रेक्षकांना जाब मिळाला पाहिजे, असा त्यामागचा भाव असेल, आणि तो अगदीच अनुचित होता असे मी म्हणत नाही. परंतु त्या दिवसानंतर हलला उरलेल्या हंगामात साखळीचा केवळ एकच सामना जिंकता आला आणि अवघ्या एका गुणाच्या फरकाने त्याची श्रेणी वाचली. साऱ्या घसरणीचे कारण ते पंधरा मिनिटांचे भाषण, असे म्हणणे धाडसाचे होईल; दुखापती असतात, प्रतिस्पर्धी सावध होतात. तरी खेळाडूंच्या मनात ते किती खोल रुतले होते याचा पुरावा पुढे अकरा महिन्यांनी मिळाला. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच मैदानावर जिमी बुलार्ड या खेळाडूने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि लागलीच सहकाऱ्यांना गवतावर गोलाकार बसवून, त्यांच्यापुढे बोट नाचवीत, साहेबांची हुबेहूब नक्कल केली. प्रेक्षक हसले. मला मात्र ते चित्र पाहताना प्रत्येक वेळी वाटते की जो अपमान माणसे अकरा महिने इतक्या बारकाव्यांसह जतन करतात, तो हसण्यावारी नेला असला तरी विसरला गेलेला नसतो. मार्च २०१० मध्ये ब्राउन यांच्याकडून हलचा कारभार काढून घेण्यात आला.

कठोरपणाचा पुरस्कार करणारे लोक अशा वेळी अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचे नाव पुढे करतात, आणि ते रास्तच आहे. मँचेस्टर युनायटेडमध्ये १९८६ पासून २०१३ पर्यंत राज्य करून तेरा वेळा साखळी जिंकणाऱ्या या स्कॉटिश गृहस्थाचा संताप एवढा प्रखर, की खेळाडूच्या तोंडासमोर तोंड नेऊन ते ओरडू लागले म्हणजे केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा अंगावर यावी तसे वाटे. त्यावरून त्या प्रकाराला ‘हेअरड्रायर’ असेच नाव पडले. १५ फेब्रुवारी २००३ रोजी आर्सेनलविरुद्धच्या पराभवानंतर त्यांनी लाथाडलेला बूट डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर लागला आणि त्याच उन्हाळ्यात बेकहॅम स्पेनला निघून गेला. परंतु हे सारे बंद दाराआड. दार उघडून पत्रकारांपुढे आले, की तेच फर्ग्युसन आपल्या खेळाडूंवर सहसा बोट ठेवीत नसत. उलट पंच, वृत्तपत्रे, प्रतिस्पर्धी यांच्याशी भांडण उकरून सारा रोष स्वतःच्या अंगावर ओढून घेत. आपल्याकडील तालमीतला वस्ताद असाच असतो. कोल्हापुरात तर फुटबॉलच्या संघांची नावेच पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी. कुस्तीच्या हौद्यातील शिस्त तेथे चेंडूबरोबर मैदानावर उतरली आहे. वस्ताद पोराला हौद्यात वाटेल ते बोलतो. पण त्याच्या खुराकाची चौकशीही तोच करतो, आणि परक्या गावच्या आखाड्यात त्या पोराला कोणी वावगे बोलले तर प्रथम उठून उभाही तोच राहतो.

ब्रायन क्लफ यांची कथा याहून बोधक आहे, कारण तेथे माणूस एकच, जीभही एकच, आणि फळे मात्र दोन निघाली. १९७४ मध्ये ते लीड्स युनायटेडचे व्यवस्थापक झाले. तो संघ इंग्लंडचा विद्यमान विजेता. आणि क्लफ यांनी आल्या आल्या त्या खेळाडूंना सांगितले की तुम्ही मिळवलेली पदके कचऱ्याच्या पेटीत टाका, कारण ती तुम्ही लबाडीने मिळवली आहेत. साखळीच्या सहा सामन्यांत एकच विजय मिळाला आणि ४४ दिवसांत त्यांना बडतर्फ व्हावे लागले. हाच गृहस्थ पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट या सामान्य संघाला १९७७ मध्ये वरच्या श्रेणीत आणतो, १९७८ मध्ये विजेता करतो आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपचा चषक जिंकून देतो. याची मीमांसा करताना क्लफ यांच्या प्रतिभेचे गोडवे गाणारे लोक पीटर टेलर या माणसाकडे दुर्लक्ष करतात. टेलर हे क्लफ यांचे जुने सहकारी. ते लीड्सला त्यांच्याबरोबर गेले नव्हते, फॉरेस्टमध्ये मात्र १९७६ पासून होते. टेलर यांच्या विनोदाने खोलीतील हवा हलकी होई, आणि दुखावलेल्या माणसाला जाऊन बसण्यासाठी एक दुसरा दरवाजा असे. लीड्समध्ये तो दरवाजाच नव्हता. म्हणून तक्रार थेट संचालकांच्या दप्तरात गेली.

अशी तक्रार कोंडली म्हणजे काय होते, याचे विदारक दर्शन १७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेत घडले. विश्वचषकात मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला निकोला अनेल्का या फ्रेंच आघाडीपटूने प्रशिक्षक रेमाँ दोमेनेक यांना अपशब्द वापरले. ते अपशब्द दोन दिवसांनी पॅरिसच्या ‘लेकिप’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर ठळक टायपात झळकले. अनेल्काची घरी रवानगी झाली. आणि २० जून रोजी सबंध संघाने सराव करण्यास नकार देऊन बसमध्ये ठाण मांडले. खेळाडूंचे निवेदन वाचून दाखवण्याची पाळी खुद्द दोमेनेक यांच्यावरच आली. एका गुणासह फ्रान्स गटात तळाला राहिला. मराठी वाचकाला या कथेचा उत्तरार्ध अधिक जवळचा आहे: हेच अनेल्का २०१४ मध्ये मुंबई सिटी संघात खेळायला आले आणि २०१५ मध्ये त्याच संघाचे खेळाडू-प्रशिक्षक झाले. ज्याने प्रशिक्षकाविरुद्ध बंड केले, त्याच्याच हाती कारभार आला. त्या मोसमात फातोर्ड्याच्या मैदानावर गोव्याने मुंबईचा ७-० असा धुव्वा उडवला आणि मुंबई सहाव्या स्थानी राहिली. बाकावर बसणाऱ्याचे ओझे खेळाडूला तेथे बसल्यावाचून कळत नाही, आणि कळले म्हणून ते उचलता येतेच असेही नाही.

मुंबईचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट नमूद करतो. त्या नगरीतील जुन्या फुटबॉलचा बराचसा भार कचेऱ्यांनी आणि गिरण्यांनी वाहिला; टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र ही नावे कूपरेजच्या मैदानावर वर्षानुवर्षे दुमदुमली. अशा संघात खेळाडू हा आधी नोकर, मग खेळाडू. प्रशिक्षकाचा रोष म्हणजे साहेबाचा रोष. युरोपातील खेळाडू रुसला तर दुसऱ्या संघात जातो. येथला रुसला तर घरी चूल पेटण्याची पंचाईत. त्यामुळे आपल्याकडील ड्रेसिंग रूम अनेकदा जी शांत दिसत आली ती समाधानाने नव्हे, आणि ही शांतता पाहून कित्येकांनी कठोरपणा यशस्वी झाला असे अनुमान काढले, ते मला मान्य नाही. महिंद्रने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय साखळी जिंकली ती डेरिक परेरा या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली. पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला तोही त्यांच्याच मार्गदर्शनाने, बालेवाडीच्याच मैदानावर. आरडाओरडा करणारा म्हणून त्यांचा लौकिक कधीच नव्हता.

आणि सय्यद अब्दुल रहीम! हैदराबादच्या या शिक्षकाच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. शिस्तीत ते कोणत्याही फर्ग्युसनला हार जाणारे नव्हते. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फुप्फुसाच्या कर्करोगाने पोखरलेल्या देहानिशी ते बाकावर बसले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला त्यांनी आघाडीवर खेळवले. विरोधात गेलेल्या प्रचंड प्रेक्षकसमुदायापुढे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक घेतले, आणि त्यांतला एक गोल जर्नेलचा होता. जखमी माणसाला असे कठोर काम सांगता येते ते केव्हा? जेव्हा सांगणाऱ्याच्या मनात आपल्याविषयी तिरस्काराचा लवलेश नाही, अशी ऐकणाऱ्याची पक्की खात्री असते, तेव्हा. रहीम पुढच्या जूनमध्ये वारले.

याच्या उलट टोकाला कोलकात्याचे अमल दत्त. विद्वान प्रशिक्षक, नव्या पद्धतींचा ध्यास घेतलेले. पण १३ जुलै १९९७च्या फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याआधी त्यांनी प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालच्या खेळाडूंना टोपणनावे ठेवली, भायचुंग भुतियाचे ‘चुंगचुंग’ केले, सॅमी ओमोलोचे ‘ऑम्लेट’. समोर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते, ज्यांच्या शब्दांनीच खेळाडूंच्या अंगात बळ संचारे. सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांपुढे भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला. दत्तांच्या चेष्टेने पलीकडच्या खोलीतील मनोधैर्य वाढवले. माणसाच्या नावाला हात घातला म्हणजे तो दुप्पट जोराने तुमच्याविरुद्ध खेळतो. मग तो तुमच्याच संघात असला तरीही.

आळंदीकराला या सगळ्यावरून जे आठवते ते मी संकोच न करता लिहितो. माउलींच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात आजची घडी घालून दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंदे सरकारच्या पदरचे, लष्करी पेशाचे गृहस्थ. म्हणून दिंड्यांचा क्रम, घोडे, कर्णा, चोपदार अशी सारी व्यवस्था एखाद्या फौजेसारखी. मुक्कामाच्या तळावर सायंकाळी समाजआरतीला दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, शेकडो टाळ एका वेळी घुमत असतात, आणि चोपदाराने दंड उंचावून हाक दिली, की क्षणात सारे स्तब्ध होते. एवढा हुकमी अंमल मी कोणत्याही मैदानावर पाहिलेला नाही. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवीत नाही. त्या निःशब्द तळावर एका कोपऱ्यात तेवढेच टाळ खणखणत राहतात. आणि मग दंड हाती असलेला चोपदार स्वतः चालत त्या दिंडीपाशी जातो, फिर्याद ऐकून घेतो, आणि मगच आरती सुरू होते. ज्याच्या हातात दंड त्यानेच चालत जायचे, हा दंडक लष्करी शिस्तीच्या माणसांनी पिढ्यानुपिढ्या पाळला आहे. मँचेस्टरच्या गवतावर बसलेल्या त्या अकरा जणांच्या हाती टाळ नव्हता.

चाकणच्या एका कारखान्याच्या संघात मी काही वर्षे उजव्या बगलेला खेळलो. आमचा गोलरक्षक लेथवर काम करणारा, उंच, हाताने खंबीर. एका सामन्यात कॉर्नरवर पुढे धावून आला, चेंडू हुकला, गोल झाला. आणि आमच्या प्रशिक्षकाने मध्यंतरात सर्वांदेखत त्याला बुजगावणे म्हटले. त्या दिवसापासून सरावाला, कँटीनमध्ये, पाळीच्या बसमध्येही तेच नाव. पुढचे पाच-सहा सामने हा माणूस गोलरेषा सोडून पुढे आला नाही. कॉर्नर उंच येई, सहज पोचेल अशा अंतरावर पडे, आणि हा दोन्ही पाय रेषेवर रोवून, हात पसरून, खरोखरच बुजगावण्यासारखा उभा राही. पुढे न येणाऱ्याची चूक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, हे तो शिकला होता. शेवटी चऱ्होलीच्या आमच्या कप्तानाने, वारकरी घरातल्या पोराने, एका रविवारी सरावाच्या वेळी साफ सांगितले, “सर, त्याला नावाने हाक मारा, नाहीतर मी बूट बांधत नाही.” आणि तो खरोखरच बूट हातात धरून मैदानाच्या कडेला बसून राहिला.

प्रशिक्षक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शिट्टी गळ्यातून काढून ते मैदान ओलांडून पलीकडच्या गोलपोस्टपाशी गेले आणि दोघे जाळीमागे दहा-पंधरा मिनिटे उभे होते. काय बोलणे झाले ते आम्हाला कळले नाही. पुढच्या सामन्यात पहिलाच कॉर्नर उंच आला आणि आमचा गोलरक्षक रेषा सोडून धावला. याही वेळी चेंडू त्याच्या हाताला लागला नाही. दूरच्या पोस्टपाशी उभ्या असलेल्या आमच्या डाव्या बॅकने डोक्याने तो कसाबसा बाहेर काढला. कडेवरून प्रशिक्षकांची हाक आली. त्याच्या नावाने आली. त्याने मान वळवून पाहिले, हात वर केला, आणि पुढचा कॉर्नर येण्याआधीच तो दोन पावले पुढे येऊन उभा राहिला.