लाडक्या गाईचं नाव लेकीला

नोव्हेंबर १९९७ मध्ये ‘एल’ मासिकाच्या अमेरिकी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मॉडेल आलेक वेक झळकली आणि फॅशनच्या दुनियेत चर्चेला उधाण आलं. सुदानमधल्या यादवीतून निसटून १९९१ साली लंडनला पोचलेली ही मुलगी जन्माने डिंका. पुढे २००७ साली आलेल्या आत्मचरित्रात तिने आपल्या नावाचा अर्थ सांगितला : आलेक म्हणजे काळ्या ठिपक्यांची गाय. अशी गाय डिंकांमध्ये भाग्याची मानतात आणि जिवापाड जपतात. आईबापांनी लेकीचं केलेलं हे कौतुकच होतं.

डिंका हा आजच्या दक्षिण सुदानमधला सर्वांत मोठा समाज. पांढरी नाईल आणि बाहर अल् गझल यांच्या पाणथळ मुलखात तो राहतो. पावसाळ्यात उंचवट्यावरची गावं आणि ज्वारीची शेतं. पाणी ओसरलं की नदीकाठच्या कुरणांत गुरांचे तळ. तळावर पहाटे शेणाच्या धुन्या धुमसत असतात. डास-गोचिडांपासून बचाव म्हणून गुरांना राख चोळायची आणि स्वतःच्या अंगालाही फासायची. तरुण आपल्या आवडत्या बैलाच्या गळ्यात घंटा बांधतो, शिंगांना गोंडे लावतो, त्याच्यावर गाणी रचतो. धार काढायचं काम मात्र बायका, मुली आणि लहान पोरांचं. दीक्षाविधी होऊन जाणता झालेला पुरुष धारेला बसत नाही. मुलगी ज्या रंगाच्या गाईचं नाव मिरवते, तशाच गाईखाली धारेला बसायची वेळही तिच्यावर येऊ शकते.

गुरांच्या रंगांसाठी डिंका भाषेत शब्दांची खाणच आहे. बैलाच्या रंगनामाआधी ‘मा’ लागतो, गाईच्या नावाआधी बहुधा ‘आ’. काळापांढरा बांडा बैल माजोक, तशीच गाय आजोक. पांढरा बैल माबिओर. पांढऱ्या गाईला मात्र वेगळाच शब्द, यार. काळ्या अंगाचा, पांढऱ्या डोक्याचा बैल माकुएई, कारण ‘कुएई’ म्हणजे मत्स्यगरुड, आणि तोही तसाच दिसतो. बिबट्यासारखे ठिपके असलेला तो माकुआच. १९४७ ते १९५० या काळात डिंकांमध्ये राहून अभ्यास करणारे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ गॉडफ्रे लीनहार्ट यांच्या ध्यानात आलं, की ही माणसं जगातले रंग आणि छायाप्रकाशसुद्धा गुरांच्या रंगांतून पाहतात. हीच नावं माणसांनाही असतात. माजोक हा मुलगा, आजोक आणि यार या मुली.

मुलाला नेमका कोणता रंग द्यायचा, याचं उत्तर पुष्कळदा आईच्या लग्नात मिळतं. डिंकांमध्ये वरपक्ष वधूच्या घरी गुरं देतो. ती तिच्या बापाकडच्या आणि आईकडच्या नातलगांमध्ये वाटली जातात. त्यातलं एखादं देखणं जनावर सर्वांच्या लक्षात राहतं आणि पुढे बाळाला त्याचं नाव मिळतं. या चालीची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. मुलीच्या लग्नात गुरं येतात म्हणून तिचं लग्न लवकर उरकण्याची घाई होते आणि त्यात अनेकींची शाळा सुटते. नावातलं प्रेम खरं आहे, पण हे नुकसानही तितकंच खरं आहे.

सगळीच नावं गोठ्यातली नसतात. जुळ्यांच्या पाठीवर मुलगा झाला तर तो बोल आणि मुलगी झाली तर न्यिबोल. अमेरिकेत गाजलेला, सात फूट सात इंच उंचीचा बास्केटबॉलपटू मनुते बोल याच्या आडनावाजागी दिसतं ते हेच नाव. आधीचं मूल दगावल्यावर झालेल्या मुलीला आचोल म्हणतात. न्यानदेंग म्हणजे देंगची लेक. देंग हा पावसाचा आणि विजेचा देव. २०२० मध्ये दक्षिण सुदानच्या एक उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या रिबेका न्यानदेंग यांच्या नावात बाप्तिस्म्याचं आणि पावसाचं अशी दोन्ही नावं शेजारी नांदतात.

कथेप्रमाणे आबुक हे नाव सर्वांत जुनं. पूर्वी आभाळ जमिनीच्या अगदी जवळ होतं, असं डिंका सांगतात. दोहोंमध्ये दोर होता आणि माणसं त्यावरून वर जात. न्हिआलिक या परमेश्वराने गारांग आणि आबुक या पहिल्या जोडप्याला रोज एक दाणा ठरवून दिला होता. एके दिवशी आबुकने जास्त धान्य कांडायला घेतलं, लांब मुसळ उचललं आणि ते देवाला लागलं. तो रागावून दूर गेला. त्याने एक छोटा निळसर पक्षी धाडून दोर तोडला आणि माणसाच्या वाट्याला आजार अन् मरण आलं. एवढा ठपका असूनही आया आपल्या लेकींना हौसेने आबुक म्हणतात, कारण बायकांची, शेताची, पिकाची राखणदारीणही तीच. रोजच्या एका दाण्यात घर भागत नाही, हे धान्य कांडणाऱ्या बाईइतकं कुणाला कळणार!

सुदानमधल्या १९८३ ते २००५ च्या यादवी युद्धाने ही नावं केनियाच्या काकुमा छावणीत आणि तिथून अमेरिका, ऑस्ट्रेलियात नेली. अॅडलेडमध्ये वाढलेल्या आदुत आकेचचं नाव शिक्षकांना उच्चारता येईना, म्हणून शाळेत ती मेरी झाली. मॉडेलिंगमध्ये उतरताना तिने आदुत हेच नाव वापरलं. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वर्षातली सर्वोत्तम मॉडेल म्हणून तिला पुकारलं गेलं ते याच नावाने.